जुना गुग्गुळ, नवा गुग्गुळ

२००२ सालच्या मे महिन्यात ‘सायन्स’ या नियतकालिकात गुग्गुळावर एक शोधनिबंध छापून आला. आपल्याकडे संध्याकाळी धुपाटण्यात निखाऱ्यावर टाकतात तोच गुग्गुळ. त्यातलं एक रसायन यकृताच्या पेशीत नेमकं कुठे जाऊन बसतं आणि त्यामुळे कोलेस्टेरॉल कसं उतरतं, हे संशोधकांनी उंदरांवर दाखवलं होतं. त्यानंतर दीडएक महिन्यात, जुलैमध्ये, अमेरिकेतूनच दुसरी बातमी आली. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ नावाच्या प्रचंड मोठ्या अभ्यासात पाळी गेलेल्या १६,६०८ स्त्रियांवर हार्मोनच्या गोळ्यांची चाचणी चालू होती. ती मुदतीआधीच थांबवली गेली. ज्या गोळ्यांनी हृदय सांभाळलं जाईल अशी आशा होती, त्या घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार कमी व्हायच्याऐवजी थोडा जास्तच दिसत होता. स्तनांचा कर्करोग आणि पक्षाघातही जास्त होता.

वरवर पाहता या दोन बातम्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण दोन्हींतून जाणारा एक प्रश्न समान आहे: पाळी गेल्यावर बाईच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं, त्याचं काय करायचं? एका उत्तराची गोळी गाभण घोडीच्या मूत्रापासून बनायची, दुसऱ्या उत्तराची कच्छ-राजस्थानातल्या एका काटेरी झुडपाच्या डिंकापासून. पहिल्या गोळीबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. दुसरीची गोष्ट मात्र आपल्याकडची आहे. तिचे थांबे बनारस, पुणे, लखनौ, मुंबई, नागपूर असे आहेत. ती पूर्ण माहीत नसताना ‘नैसर्गिकच तर आहे, घ्यायला काय हरकत आहे’ असं कुणी कुणाच्या आईला सांगू नये, असं माझं मत झालंय.

आधी कोलेस्टेरॉल वाढतं का, ते थोडक्यात. रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला सगळे ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतात ते, उचलून आत घ्यायचं काम मुख्यतः यकृत करतं. त्यासाठी यकृताच्या पेशींवर एलडीएल रिसेप्टर असतात. इस्ट्रोजेनमुळे या रिसेप्टरांची संख्या वाढलेली राहते. पाळी जाते तेव्हा अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन आटतं, रिसेप्टर कमी होतात आणि एलडीएल रक्तात जास्त वेळ फिरत राहतं. पण हे सगळं नुसतं वाढत्या वयामुळे होत नाही कशावरून? २००९ मध्ये अमेरिकेतल्या ‘स्वान’ अभ्यासाने १,०५४ स्त्रियांची वर्षानुवर्षांची मापं लावून याचं उत्तर दिलं. इतर बऱ्याचशा गोष्टी वयाबरोबर सरळ रेषेत बदलत होत्या. एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल आणि एलडीएलच्या कणांवरचं अपोबी हे प्रथिन यांनी मात्र शेवटच्या पाळीच्या आगेमागे वर्षभरात उडी मारलेली होती.

घरात हे साधारण असं दिसतं. आई किंवा मावशी, वर्षानुवर्षं तेच जेवण, तीच धावपळ. एक्कावन्नाव्या वर्षी कुणाच्या तरी आग्रहाने फुल बॉडी चेकअप होतं आणि एलडीएलच्या आकड्याशेजारी ठळक अक्षरात ‘हाय’ छापून येतं. मग ती तूप बंद करते, अंडं बंद करते, शेंगदाण्याचं कूट कमी करते. आपलंच काहीतरी चुकलं असणार असं तिला वाटत राहतं. बऱ्याचदा तिचं काहीच चुकलेलं नसतं.

इस्ट्रोजेन गेल्यामुळे बिघडलं असेल तर इस्ट्रोजेन परत द्या, हा विचार इतका सरळ आहे की तो कुणालाही सुचला असता. घोडीच्या मूत्रातून काढलेलं ‘प्रीमारिन’ अमेरिकेत १९४२ पासून मिळत होतं. सुरुवातीला ते अंगातून वाफा येणं, घाम येणं यांसाठी होतं, पुढे हृदयासाठीही त्याचा बोलबाला झाला. गोळीने एलडीएल खरोखरच उतरत होतं. १९९८ मध्ये ‘हर्स’ नावाच्या चाचणीचा निकाल आला. आधीपासून हृदयविकार असलेल्या २,७६३ स्त्रिया, अर्ध्यांना हार्मोन, अर्ध्यांना प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण आत औषध नसलेली गोळी. चार वर्षांनी हार्मोनवाल्या गटाचं एलडीएल दुसऱ्या गटापेक्षा ११ टक्के कमी होतं आणि चांगलं मानलं जाणारं एचडीएल १० टक्के जास्त. लॅबचा रिपोर्ट बघून कुठलाही डॉक्टर खूश झाला असता. आणि हृदयविकाराचा झटका किंवा त्याने मृत्यू? हार्मोनच्या गटात १७२ जणींना, प्लासिबोच्या गटात १७६ जणींना. म्हणजे फरक नाहीच. उलट पहिल्या वर्षात हार्मोनच्या गटात झटके जास्त आले.

२००२ च्या त्या बातमीने यावर शिक्कामोर्तब केलं. (हार्मोनच्या गोळ्या आजही दिल्या जातात आणि योग्य वयात, योग्य कारणासाठी त्या उपयोगी आहेत. पण निव्वळ हृदय वाचवायला म्हणून नाही.) हे १७२ आणि १७६ लक्षात ठेवा. गुग्गुळाच्या बाबतीत गोष्ट या टप्प्यापर्यंत पोचलीच नाही.

आता बनारस. १९६० च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती नावाची एक तरुण संशोधक सुश्रुतसंहिता वाचत होती. सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात मेदाच्या विकाराचं वर्णन आहे. भारंभार खाणारा, आधीचं पचायच्या आत पुन्हा जेवणारा, व्यायाम न करणारा, दुपारी झोपणारा माणूस. त्याला लागणारी धाप, तहान, सारखी भूक, घाम. आणि मेदाने शरीरातले मार्ग अडल्यामुळे पुढे होणारे गंभीर आजार. त्यात उपाय म्हणून जी यादी आहे तिच्यात गुग्गुळाचं नाव येतं. सत्यवतींना यात रक्तवाहिन्यांच्या आत चरबी साचून त्या अरुंद होतात त्या आजाराचं वर्णन दिसलं. त्यांनी सशांना कोलेस्टेरॉल वाढेल असा आहार दिला आणि काहींना सोबत गुग्गुळ दिला. गुग्गुळ मिळालेल्या सशांचं कोलेस्टेरॉल कमी राहिलं. १९६६ मध्ये त्यांचा प्रबंध झाला आणि १९६९ मध्ये सी. द्वारकानाथ आणि एस. एन. त्रिपाठी यांच्यासोबतचा शोधनिबंध ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये आला. याच सत्यवती पुढे १९९० च्या दशकात आयसीएमआरच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या.

मला ही गोष्ट फार आवडते, कारण त्यांनी पोथीतलं वाचून ‘आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं’ म्हणून हात जोडले नाहीत. त्यांनी पोथीतून एक प्रश्न घेतला आणि तो सशांना विचारला. पोथीचा याहून मोठा मान काय असणार?

पण पोथीतून प्रयोगशाळेत येताना काही गोष्टी वाटेत गळल्या, त्याही बघायला हव्यात. एक म्हणजे ‘मेद’ म्हणजे कोलेस्टेरॉल नव्हे. सुश्रुताच्या समोर एक जाडजूड, आळसावलेला माणूस आहे. रक्तातल्या एका न दिसणाऱ्या पदार्थाचा आकडा त्याच्यासमोर नाही. दिवसभर उभ्याने काम करणारी, अंगाने सडपातळ, पण पाळी गेल्यावर एलडीएल १७० झालेली बाई त्या वर्णनात कुठेच बसत नाही. दुसरं म्हणजे त्या यादीत गुग्गुळ एकटा नाही. सोबत शिलाजीत आहे, गोमूत्र आहे, त्रिफळा, मध, आणि मुख्य म्हणजे जव, मूग, कोद्रू, सावे असं रूक्ष धान्यही आहे. व्यायाम तर आहेच. यातला गुग्गुळ उचलला गेला, सावे मागे राहिले. तिसरी गोष्ट सगळ्यांत गमतीची. चिकित्सास्थानात गुग्गुळाचे गुण सांगताना सुश्रुत म्हणतो की नवा गुग्गुळ बृंहण करतो, म्हणजे अंग भरतो, आणि जुना गुग्गुळ ते खरवडून कमी करतो. एकच डिंक, ताजा असला तर उलट काम करणारा! आजच्या अर्काच्या डबीवर गुग्गुळस्टेरॉन किती टक्के ते छापलेलं असतं. डिंक किती जुना होता, हे कुणी विचारत नाही.

ते गुग्गुळस्टेरॉन सापडलं आपल्या पुण्यात. पाषाणच्या एनसीएलमध्ये सुख देव यांच्या गटात गुग्गुळाची रासायनिक उकल चालू होती. १९७२ मध्ये व्ही. डी. पाटील, यू. आर. नायक आणि सुख देव यांचा निबंध ‘टेट्राहेड्रॉन’मध्ये आला. डिंकातून त्यांनी स्टेरॉइड जातीची रसायनं वेगळी केली होती. त्यातल्या दोघांना ई आणि झेड गुग्गुळस्टेरॉन म्हणतात. दोन्हींत अणू तेच, तितकेच, फक्त एका दुहेरी बंधाच्या कुठल्या बाजूला काय आहे एवढाच फरक. स्टेरॉइड म्हटलं की आपल्याला जिमवाले आठवतात, पण रसायनशास्त्रात त्याचा अर्थ चार जोडलेल्या कड्यांचा एक सांगाडा. कोलेस्टेरॉलचा सांगाडा तोच. इस्ट्रोजेनचा तोच. प्रोजेस्टेरॉनचा तोच, आणि गुग्गुळस्टेरॉन तर प्रोजेस्टेरॉनच्या अगदी जवळच्या नात्यातलं. पुढे याचं महत्त्व कळेल.

तिथून लखनौच्या सेंट्रल ड्रग रिसर्च इन्स्टिट्यूटने काम पुढे नेलं. कच्चा डिंक पोटाला त्रास देतो, अंगावर पुरळ उठवतो. वैद्य म्हणूनच तो त्रिफळ्याच्या काढ्यात शिजवून शुद्ध करून घेतात. लखनौच्या शास्त्रज्ञांनी इथिल अ‍ॅसिटेट या द्रावकात डिंक विरघळवून उपयोगी भाग वेगळा काढला आणि त्याला ‘गुगुलिपिड’ नाव दिलं. मग माणसांवर चाचण्या झाल्या. मुंबई, बंगळूर, दिल्ली, जयपूर, लखनौ, नागपूर आणि वाराणसी अशी सात केंद्रं. निकाल १९८९ मध्ये एस. नित्यानंद आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला.

या निकालापाशी जरा थांबू. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण एखादा बदल केल्यामुळे फरक पडला की तो तसाही पडणार होता, हा प्रश्न आमच्या धंद्यात रोजचा आहे. अ‍ॅपमध्ये बटणाचा रंग बदलला आणि त्याच आठवड्यात दिवाळी आली तर विक्री रंगामुळे वाढली असं कुणी म्हणत नाही. अर्ध्या लोकांना जुना रंग, अर्ध्यांना नवा, एकाच वेळी दाखवावा लागतो.

१९८९ च्या निबंधात दोन प्रकारच्या चाचण्या होत्या. पहिली खुली. २०५ पेशंटना आठ आठवडे आहार आणि प्लासिबो, आणि मग बारा आठवडे ५०० मिलिग्रॅम गुगुलिपिड दिवसातून तीनदा. सगळ्यांना माहीत होतं की आपण औषध घेतोय. ७० ते ८० टक्के लोकांमध्ये फरक पडला आणि कोलेस्टेरॉल सरासरी २३.६ टक्के उतरलं. दुसरी चाचणी बंद डोळ्यांची: कुठली गोळी आहे हे पेशंटला माहीत नाही, डॉक्टरलाही माहीत नाही, आणि ठरावीक काळाने गोळ्यांची अदलाबदल. यात घसरण ११ टक्क्यांवर आली. तोच डिंक, तोच अर्क, तीच माणसं मोजणारी. फक्त माहिती लपवली आणि परिणाम निम्म्याहून कमी झाला. दोन्ही चाचण्यांची मांडणी वेगळी होती हे मान्य, तरी एकाच निबंधातले हे दोन आकडे कुठल्याही स्टॅटिस्टिक्सच्या तासापेक्षा जास्त शिकवतात.

आणि तुलना कशाशी होती? प्लासिबोशी नाही. क्लोफायब्रेट नावाच्या औषधाशी, ज्याने कोलेस्टेरॉल १० टक्के उतरलं. म्हणजे गुग्गुळ क्लोफायब्रेटच्या तोडीस तोड. ऐकायला छान वाटतं, पण क्लोफायब्रेटची स्वतःची कथा तोवर बिघडलेली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या पंधरा हजारांहून जास्त पुरुषांवरच्या चाचणीत, जिचे निकाल १९७८ पासून येऊ लागले, क्लोफायब्रेटने कोलेस्टेरॉल उतरलं, काही झटके टळले, पण ते घेणारे एकूण जास्त मेले. इथेही आकडा उतरणं आणि माणूस जगणं यांची फारकत. आणि हो, ते सगळे पुरुषच होते.

गुगुलिपिडच्या निबंधात एक छोटंसं वाक्य आहे: परिणामाचा वयाशी, लिंगाशी काही संबंध दिसला नाही. सात शहरांतल्या त्या पेशंटांमध्ये स्त्रिया होत्या, एवढं त्यावरून कळतं. त्यातल्या कितींची पाळी गेलेली होती हा मात्र त्या चाचणीचा प्रश्नच नव्हता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सिप्लाने ‘गुगलिप’ नावाने ही गोळी बाजारात आणली. त्याच सुमारास, १९८७ मध्ये, अमेरिकेत लोवास्टॅटिनला परवानगी मिळाली, आणि कोलेस्टेरॉलच्या औषधांचं सगळं जगच बदलून गेलं.

त्यामुळे २००२ चा ‘सायन्स’मधला निबंध आला तेव्हा गुग्गुळ अचानक पुन्हा चर्चेत येणं साहजिक होतं. यकृतात एफएक्सआर नावाचा एक रिसेप्टर असतो. त्याचं काम पित्ताम्लांवर नजर ठेवण्याचं. पित्ताम्लं कोलेस्टेरॉलपासून बनतात. ती पुरेशी झाली की एफएक्सआर ‘आता बस’ म्हणून कोलेस्टेरॉलचं पित्ताम्लात रूपांतर थांबवतो. गुग्गुळस्टेरॉन या एफएक्सआरला अडवतं, असं या निबंधात दाखवलं होतं. पहारेकरीच गप्प बसला तर कोलेस्टेरॉल पित्तात जात राहणार. ज्या उंदरांमध्ये एफएक्सआर मुळातच नव्हता, त्यांच्यावर गुग्गुळस्टेरॉनचा काही परिणाम झाला नाही. इतकं नेटकं उत्तर जीवशास्त्रात क्वचित मिळतं. बनारसचे ससे, पुण्याचं रसायन, लखनौचा अर्क, सगळं जुळून आलं.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट २००३ मध्ये, फिलाडेल्फियातल्या चाचणीचा निकाल ‘जामा’मध्ये आला. कोलेस्टेरॉल वाढलेले पण एरवी निरोगी असे १०३ जण, स्त्रिया आणि पुरुष. तीन गट: प्लासिबो, १,००० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, २,००० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. आठ आठवडे. प्लासिबो घेणाऱ्यांचं एलडीएल ५ टक्के उतरलं. गुग्गुळाच्या कमी मात्रेत ते ४ टक्के वाढलं, जास्त मात्रेत ५ टक्के वाढलं. सहा जणांच्या अंगावर पुरळ उठलं.

म्हणजे काहीच न घेणारे बरे राहिले.

यावर बरेच बचाव मांडता येतात आणि ते सगळेच पोकळ नाहीत. फिलाडेल्फियातला आहार वेगळा. आठ आठवडे कमी. भारतातल्या पेशंटांचं मुळातलं कोलेस्टेरॉल आणि जेवण वेगळं. १९९४ मधल्या भारतातल्या एका चाचणीत ६१ जणांचं एलडीएल फळंभाज्यांच्या आहारासोबत १२.५ टक्के उतरलं होतं, तेही आहेच. २००९ मध्ये नॉर्वेत ४३ जणांवर बारा आठवड्यांची चाचणी झाली. तिथे एकूण कोलेस्टेरॉल किंचित उतरलं, पण सोबत चांगलं एचडीएलही उतरलं, आणि एलडीएलमध्ये सांगण्यासारखा फरक नव्हता. सगळं एकत्र ठेवलं तर माझा कौल असा: असलाच तर परिणाम छोटा आहे, भरवशाचा नाही, आणि ज्याच्या जिवावर झटका टाळायचा असं ते औषध नाही.

मग एफएक्सआरच्या त्या देखण्या उत्तराचं काय झालं? ते चूक नव्हतं, अपुरं होतं. गुग्गुळस्टेरॉनचा सांगाडा हार्मोनसारखा आहे हे वर आलंच. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं की ते एकाच रिसेप्टरपाशी थांबत नाही. अ‍ॅल्डोस्टेरॉन, कॉर्टिसोल, टेस्टोस्टेरॉन यांच्या रिसेप्टरांना ते अडवतं, आणि इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉनच्या रिसेप्टरांना चालू करतं. हे सगळं प्रयोगशाळेत, पेशींवर. माणसाच्या शरीरात गोळीतून तितकी मात्रा पोचते का हा वेगळा मुद्दा. पण विचार करा, पाळी गेलेली एखादी बाई हार्मोनच्या गोळ्यांना घाबरून ‘हर्बल’ म्हणून जे घेते, त्याच्या रेणूचं वर्तन निदान काचेच्या बशीत तरी हार्मोनसारखंच आहे. स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या स्त्रीला तर हे कुणीतरी सांगायलाच हवं.

आणखी एक व्यवहारातली अडचण. गुग्गुळस्टेरॉन पीएक्सआर नावाच्या रिसेप्टरलाही जागं करतं, आणि तो जागा झाला की औषधं मोडून टाकणारी यंत्रणा जोरात चालायला लागते. ब्लड प्रेशरच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम, गुगुलिपिडसोबत घेतल्यावर रक्तात कमी पोचल्याचं दिसलेलं आहे. साठीच्या बाईच्या डबीत सकाळ-संध्याकाळच्या तीन-चार गोळ्या असतातच. त्यात ही पाचवी आपल्या मनाने घातली तर बाकीच्यांचं काय होतं हे तिला कळायला मार्ग नाही. डॉक्टरांना विचारलं तर कळेल, पण आयुर्वेदिक गोळी डॉक्टरांना सांगायची नाही, ते रागावतात, असा आपल्याकडे एक अलिखित नियम आहे. हा नियम मोडायला हवा, आणि डॉक्टरांनीही रागवायचं थांबवायला हवं.

वनस्पतींच्या बाबतीत सगळीकडे असंच झालं का? नाही. सोयाबीनचं साधारण असंच झालं. १९९५ मध्ये ३८ अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षात सोयाच्या प्रथिनाने एलडीएल जवळजवळ १३ टक्के उतरलं. सोयात इस्ट्रोजेनसारखी दिसणारी आयसोफ्लेवोन असल्यामुळे पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी तर ते वरदानच वाटलं. २००६ पर्यंत तो आकडा ३ टक्क्यांवर आला आणि आयसोफ्लेवोनचा वाटा काही सापडेना. इसबगोल मात्र टिकला. आपल्याकडे बद्धकोष्ठासाठी वापरतात तोच भुसा आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवतो, ती शरीराबाहेर जातात, आणि नवीन बनवायला यकृताला कोलेस्टेरॉल खर्च करावं लागतं. फायदा थोडाच, पण चाचणीनंतर चाचणीत तो दिसतो, आणि पाळी गेलेल्या स्त्रियांमध्येही दिसलाय. फिनलंडमध्ये पाइनच्या लाकडापासून मिळणाऱ्या स्टॅनॉलचं मार्जरिन १९९५ मध्ये आलं. तेही एलडीएल उतरवतं, आणि त्यांनी तर १९९७ मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या, पाळी गेलेल्या २२ स्त्रियांवर वेगळा अभ्यास केला. छोटासा अभ्यास, पण निदान कुणाला विचारायचं ते त्यांना माहीत होतं.

आणि ज्याला ‘केमिकल’ म्हणून लोक घाबरतात ते स्टॅटिन? ते तर बुरशीतून आलं. जपानमध्ये अकिरा एंडो यांनी सहा हजारांवर सूक्ष्मजीव तपासून १९७३ मध्ये पेनिसिलियमच्या एका जातीत पहिलं स्टॅटिन शोधलं. नैसर्गिक म्हणायचं तर तेही नैसर्गिकच. त्याच्या चाचण्यांतही सुरुवातीला स्त्रिया कमीच होत्या. १९९४ च्या प्रसिद्ध ‘फोर-एस’ चाचणीत ४,४४४ पैकी ८२७. पण पुढे जपानच्या ‘मेगा’ चाचणीत दोन तृतीयांशांहून जास्त स्त्रिया होत्या, आणि २०१५ पर्यंत जमलेल्या चाचण्यांमधल्या ४६,६७५ स्त्रियांचा हिशोब एकत्र मांडल्यावर दिसलं की सारख्याच धोक्याच्या स्त्री-पुरुषांना फायदा सारखाच होतो. इथे मोजलेली गोष्ट फक्त एलडीएलचा आकडा नव्हती. झटके मोजले होते, मृत्यू मोजले होते. गुग्गुळाच्या वर आलेल्या एकाही चाचणीत ते मोजलेले नाहीत. बारा आठवड्यांत ते मोजता येतही नाहीत.

दरम्यान त्या झुडपाचं काय झालं? कच्छ, बाडमेर, जेसलमेरच्या कोरड्या खडकाळ जमिनीत वाढणारं हे झाड माणसाच्या उंचीहून फार मोठं होत नाही. चीक काढण्याजोगं व्हायला त्याला आठ-दहा वर्षं लागतात. खोडाला खाच पाडली की डिंक ठिबकतो आणि वाळून त्याचे खडे होतात. नीट, बेताने खाचा पाडल्या तर झाड जगतं. जास्त डिंक हवा म्हणून खोलवर पाडल्या, जखमेवर उत्तेजक रसायनं लावली, तर एका हंगामात भरपूर माल मिळतो आणि झाड मरतं. योगराज, त्रिफळा, कांचनार, मेदोहर, आयुर्वेदाच्या दुकानातला अर्धा फळा याच डिंकावर चालतो. त्यात अर्काची मागणी आली. २०१५ मध्ये आययूसीएनच्या लाल यादीत गुग्गुळाची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली. वाघाच्या एक पायरी खाली.

माल कमी पडला की भेसळ येते. दुसऱ्या झाडांचे डिंक गुग्गुळ म्हणून विकले जातात. आपल्या सातपुड्यात आणि मेळघाटात होणाऱ्या सालईच्या डिंकालाही ‘सालई गुग्गुळ’च म्हणतात. तेही औषधी आहे, पण झाड वेगळं, रसायनं वेगळी, गुग्गुळस्टेरॉनचा त्यात पत्ता नाही. तेव्हा काष्ठौषधींच्या दुकानातून पुडीत बांधून आणलेला तो तपकिरी खडा जुना आहे की नवा, या प्रश्नाआधी तो मुळात गुग्गुळ आहे का, हेच दुकानदाराला विचारावं लागतं.